परदेशाहून आलेला नकार

दुखणे मोठे झाले की माणसाची दृष्टी दूर जाते. आमच्या आजोबांच्या काळी अंत्रुज महालातला माणूस बरे न होणारे दुखणे घेऊन पणजीची वाट धरी. १८४२ साली स्थापन झालेली वैद्यकशाळा तेथे होती आणि पोर्तुगीज भाषेत शिकलेले डॉक्टर तेथे भेटत. वडिलांच्या काळी बेळगाव, मिरज, मुंबई ही नावे घराघरांत बोलली जाऊ लागली. आमच्या मुलांच्या काळी ही वाट समुद्रापलीकडे गेली. ठिकाणे बदलत गेली, परंतु मनाची ठेवण तीच राहिली: जितके दूर, तितके गुणकारी. तीर्थयात्रेची सवय असलेल्या समाजास हे नवे नव्हे. गावच्या तळीत रोज स्नान करणाऱ्यासही काशीच्या गंगेची ओढ असतेच.

या समजुतीत तथ्य किती आणि भाबडेपणा किती, याचा हिशेब आम्हांला २०२२ साली आमच्याच घरात मांडावा लागला. तो वाचकांपुढे ठेवण्यास एक विशेष कारण आहे. त्या वेळी आमच्या देवस्थानच्या महाजनांनी आणि गोव्याबाहेर पसरलेल्या कुळाव्यांनी आम्हांस मोठा आधार दिला. ज्यांनी हात दिला त्यांना पुढे काय झाले हे कळण्याचा अधिकार आहे. आणि असा प्रसंग उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी आलाच, तर आमच्या तीन आठवड्यांच्या धावपळीचा त्यांना काही उपयोग व्हावा, एवढीच इच्छा आहे.

त्या वर्षीच्या श्रावणात आमच्या सूनबाईंना एकविसावा आठवडा चालू होता. पहिलेच बाळंतपण. नेहमीच्या तपासणीत सोनोग्राफीच्या डॉक्टरांना बाळाच्या मेंदूत काही वावगे दिसले. त्यांनी कागदावर एक आकृती काढून सर्वांना समजावून सांगितले. ते आम्हांला जसे उमगले तसे येथे देतो.

मेंदूच्या आत चार पोकळ्या असतात. त्यांत पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत पाझरत असतो. मोठ्या माणसात तो दिवसाला सुमारे अर्धा लिटर तयार होतो. हा द्रव बाजूच्या दोन पोकळ्यांतून तिसरीत येतो, तेथून एका अतिशय अरुंद नळीतून चौथीत उतरतो, पुढे मेंदू व पाठीचा कणा यांच्याभोवती खेळतो आणि अखेर रक्तात शोषला जातो. आपल्या कुळागरातील पाटाची आठवण व्हावी अशीच ही व्यवस्था आहे. पाट एखाद्या ठिकाणी तुंबला की वरच्या अंगाला पाणी साचते व माडांची मुळे कुजू लागतात. मेंदूतील ही वाट तुंबली की पोकळ्या फुगतात व भोवतालचा कोवळा मेंदू दाबला जातो. यालाच हायड्रोसेफलस म्हणतात. मराठीत त्यास जलशीर्ष असा शब्द आहे. गर्भावस्थेत बाजूच्या पोकळीची रुंदी १० मिलिमीटरच्या आत असावी लागते. ती १५ मिलिमीटरपर्यंत गेली की दोष तीव्र समजतात. आमच्या बाळाची १७ होती.

ही वार्ता घरात आली त्या दिवसापासून कारणांचा शोध सुरू झाला. आपल्याकडे कारणाचा शोध म्हणजे बहुधा अपराध्याचा शोध असतो. कोणी कुळाचारातील उणीव काढली. कोणी सूनबाईंनी नोकरीनिमित्त केलेला प्रवास बोलून दाखवला. एका वृद्ध बाईंनी तर, "पोटुशी असताना ही तिन्हीसांजेला बाहेर उभी राहायची," असे त्यांच्या तोंडावर सांगितले. वस्तुतः त्या अरुंद नळीची मुळातच नीट वाढ न होणे, गर्भावस्थेत काही विशिष्ट जंतूंचा वा विषाणूंचा संसर्ग होणे, मेंदूत रक्तस्राव होणे, पाठीच्या कण्याचा दोष असणे, क्वचित वंशपरंपरेने आलेला दोष असणे, अशी याची कारणे आहेत. सूनबाईंच्या रक्ताच्या व गर्भजलाच्या तपासण्या झाल्या, मुंबईस नेऊन गर्भाचा एम.आर.आय. करविला. संसर्ग नव्हता, पाठीचा कणा निर्दोष होता. ती अरुंद नळी जन्मतःच बंद असावी, असा निष्कर्ष निघाला. तिन्हीसांजेशी त्याचा संबंध नव्हता. हे आम्ही त्या वृद्ध बाईंना घरी जाऊन शांतपणे सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सूनबाईंसाठी पेज व सुक्या सुंगटांची किस्मूर घेऊन त्या आल्या. माणसे वाईट नसतात. त्यांना दुसरे काही सांगायला कोणी गेलेले नसते.

खरा प्रश्न पुढचा होता. कायद्यात २०२१ साली झालेल्या सुधारणेप्रमाणे अशा दोषाच्या बाबतीत चोविसाव्या आठवड्यापर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भ मोकळा करता येतो. त्यापुढे दोष गंभीर असल्यास वैद्यकीय मंडळाची संमती लागते. डॉक्टरांनी हा पर्याय आडपडदा न ठेवता सांगितला, तो सांगणे त्यांचे कर्तव्यच होते. ज्या घरांनी तो स्वीकारला असेल त्यांच्याविषयी आमच्या मनात यत्किंचितही न्यूनभाव नाही. ज्या बाईला ते ओझे वाहायचे असते, निर्णय तिचाच. आमच्या सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "मामंजी, आधी मला एवढेच कळू दे, या बाळाला उपचार आहे का? मग मी ठरवीन." त्यांच्या या एका वाक्याने घरातील गोंगाट थांबला. हाती तीन आठवडे होते.

चिरंजीव संगणकाच्या व्यवसायात असल्यामुळे त्यांनी रात्री जागून जगभरची माहिती गोळा केली. गर्भाशयात असलेल्या बाळावर शस्त्रक्रिया करून दोष सुधारता येतो, अमेरिकेत हे नित्य घडते, असे त्यांच्या वाचनात आले. न्यू जर्सीत असलेला आमचा पुतण्या म्हणाला, "काका, या, घर आहे." खर्चाचा अंदाज पाऊण कोटीच्या घरात गेला. निवृत्त शाळामास्तराच्या घरी पाऊण कोट कोठून यावे? तथापि ही गोष्ट देवळाच्या चौकात पोहोचायला वेळ लागला नाही. महाजनांनी आपण होऊन वर्गणीस आरंभ केला. बेळगावच्या आत्याबाईंनी पाटल्या मोडल्या, बडोद्याच्या कुळाव्यांनी दोन दिवसांत रक्कम पाठवली, इंदूरहून एका अनोळखी गृहस्थांनी "देवाच्या पायांशी" एवढाच मजकूर लिहून पैसे धाडले. दहा दिवसांत एकतीस लाख जमले. आम्ही आयुष्यभर मुलांना परोपकारावर निबंध लिहायला लावले. त्या दहा दिवसांत आम्हांस त्या शब्दाचा अर्थ कळला.

याच सुमारास परदेशी उपचारांची व्यवस्था लावून देणारा एक मध्यस्थ भेटला. त्याने एका पौर्वात्य देशात गर्भातील बाळाच्या मेंदूत नव्या पेशी घालून जलशीर्ष समूळ बरे करतात, असे छातीठोकपणे सांगितले. अनामत म्हणून तीन लाख लगेच भरायचे होते. किती बाळांवर हा उपचार झाला, त्यांतील किती जगली, किती चालू-बोलू लागली, असे चिरंजिवांनी विचारले. "आमच्याकडे अपयश नाहीच," असे उत्तर आले. हे उत्तर ऐकून घरातील काही माणसे हर्षभरित झाली. चिरंजीव मात्र गप्प बसले, आणि पैसे भरले नाहीत.

दोन मते झाली की आपल्याकडे प्रसाद लावण्याची रीत आहे. आमच्या वडीलबंधूंनी आग्रह धरला, म्हणून आम्ही देवळात गेलो. मूर्तीस ओल्या पाकळ्या लावून उजवी-डावी पाहण्याचे काम ज्यांच्याकडे आहे ते भटजी वयाने आमच्याहून लहान, परंतु विचाराने फार प्रौढ. त्यांनी विचारले, "प्रश्न नेमका काय आहे?" वडीलबंधू म्हणाले, "परदेशी जावे की न जावे?" भटजी म्हणाले, "कशासाठी जायचे? तेथे या दुखण्यावर उपचार आहे हे कळले आहे का?" ते अजून कळलेले नव्हते. तेव्हा ते म्हणाले, "मग हा प्रश्न अर्धा आहे. अर्धा प्रश्न देवापुढे ठेवू नये. जे माणसाला विचारून कळते ते आधी माणसाला विचारा. उरले तर मी आहेच." पाकळ्या लागल्या नाहीत. आम्ही देवास नमस्कार करून परतलो, आणि त्या रात्री चिरंजिवांनी अमेरिकेतील दोन व इंग्लंडातील एका रुग्णालयास सर्व कागदपत्रे व चित्रफिती पाठवून एकच प्रश्न विचारला: पाठीचा कणा निर्दोष असलेल्या, केवळ ही नळी बंद असलेल्या बाळाचे गर्भाशयातच काही करता येईल काय, आणि केल्यास ते जन्मानंतर केलेल्या उपचाराहून हितकर ठरेल काय?

तिन्ही ठिकाणांहून आठवड्याच्या आत उत्तरे आली. एकाने दूरध्वनीवर पाऊण तास बोलून सर्व समजावले, आणि त्याबद्दल एक पैसाही घेतला नाही. उत्तर तिघांचेही एकच होते: येऊ नका. परंतु नकारामागची कारणेही त्यांनी सांगितली, आणि तीच आम्हांस महत्त्वाची वाटतात.

त्यांनी सांगितले ते असे. सोनोग्राफीने गर्भातील जलशीर्ष दिसू लागल्यावर १९८० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत काही धाडसी डॉक्टरांनी ते गर्भातच उपचारून पाहिले. बोस्टनमध्ये सुईने पाणी काढण्याचा प्रयत्न झाला. डेन्व्हरचे विल्यम क्लेवेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी बाळाच्या मेंदूतून गर्भजलात पाणी सोडणारी एक बारीक नळी बसविली व १९८२ साली तो वृत्तांत प्रसिद्ध केला. कल्पना सरळ होती: पाट तुंबला आहे, तर लवकरात लवकर फोडावा. अनेक ठिकाणी हा प्रयोग होऊ लागला. परंतु या मंडळींनी आरंभीच एक शहाणपणाची गोष्ट केली. कोणीही, कोठेही असा उपचार केला तर त्याचा परिणाम एका सामाईक नोंदवहीत लिहायचा, असे त्यांनी ठरविले. १९८६ साली त्या वहीतील आकडे प्रसिद्ध झाले. जलशीर्षावर उपचार झालेल्या ४१ बाळांपैकी ३४ जगली. आणि जगलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक गंभीर रीतीने अपंग होती. नळ्या बुजत, जागा सोडत. काही बाळे उपचारानेच दगावली. आणि पुष्कळांच्या मेंदूत असे दुसरे दोष निघाले की जे त्या वेळच्या यंत्रांना आधी दिसलेच नव्हते. हे आकडे पाहून त्याच डॉक्टरांनी आपण होऊन हा उपचार थांबविला. अलीकडे सूक्ष्म दुर्बिणीच्या साहाय्याने या विषयाचा पुन्हा विचार चालू झाला आहे. परंतु ते अद्याप संशोधन आहे, उपचार नव्हे.

मग चिरंजिवांनी वाचलेली ती शस्त्रक्रिया कोणती? तीही खरीच, परंतु निराळ्या दोषाची. काही बाळांच्या पाठीचा कणा उघडा राहतो व त्या दोषापायी पुढे जलशीर्ष होते. अशा बाळांची पाठ गर्भातच मिटवावी काय, हे ठरविण्यासाठी फिलाडेल्फिया, नॅशव्हिल व सॅन फ्रान्सिस्को या तीन ठिकाणी मिळून मोठी तुलना झाली. निम्म्या मातांवर गर्भावस्थेत शस्त्रक्रिया व निम्म्यांच्या बाळांवर जन्मानंतर, अशी ती विभागणी होती. गर्भातील शस्त्रक्रियेचा लाभ स्पष्ट दिसल्यामुळे ही तुलना नियोजित संख्या पुरी होण्याआधीच थांबविण्यात आली. २०११ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: जन्मानंतर पाठ मिटविलेल्या मुलांपैकी शेकडा ८२ जणांना वर्षाच्या आत मेंदूतील पाण्यासाठी नळी बसवावी लागली, गर्भात मिटविलेल्यांपैकी शेकडा ४० जणांना. हा लाभ मोठा आहे. त्याची किंमतही आहे, कारण बाळंतपण अकाली होण्याचा व गर्भाशयाच्या जखमेचा धोका मातेस पत्करावा लागतो. ही शस्त्रक्रिया सव्विसावा आठवडा पुरा होण्यापूर्वीच व्हावी लागते. ज्यांच्या बाळास हा दोष असेल त्यांनी एक दिवसही न दवडता चौकशी करावी, आणि जरूर पडल्यास दूरही जावे. आमच्या बाळाचा कणा मिटलेलाच होता. जो दरवाजा बंदच आहे तो बंद करण्यासाठी आम्ही सात समुद्र ओलांडणार होतो.

दूरध्वनीवरील ते डॉक्टर शेवटी म्हणाले, "तुमच्या बाळाला उपचार आहे. तो जन्मानंतरचा आहे, आणि तो तुमच्या देशात उत्तम होतो. बाळाला होईल तितके दिवस आईच्या पोटात राहू द्या."

हे शब्द चिरंजिवांनी सूनबाईंना भाषांतर करून सांगितले. त्यांनी विचारले, "बाळ शहाणे होईल का, ते सांगितले का त्यांनी?" ते कोणीच सांगितले नव्हते, तसे सांगता येत नाही, हेही त्या डॉक्टरांनी स्पष्ट केले होते. सूनबाईंनी एक रात्र विचार केला व सकाळी देवापुढे दिवा लावून म्हणाल्या, "बेळगावला आईकडे कळवा, मी मार्गशीर्षात बाळंतपणाला येते."

जन्मानंतरचा हा उपचार कोणी काढला, ते पुढच्या काही महिन्यांत आम्ही जमेल तेवढे वाचून काढले. मेंदूतील जादा पाणी त्वचेखालून नळीने पोटाच्या पोकळीत नेऊन सोडायचे, ही मूळ युक्ती. अडचण होती ती झडपेची. पाणी फार वाहिले तरी अपाय, कमी वाहिले तरी अपाय. ही अडचण सोडविण्यास दोन बापांनी मोठा हात लावला. जॉन होल्टर हा फिलाडेल्फियाचा एक यंत्रकामगार. त्याचा मुलगा पाठीच्या दोषासह जन्मला व त्याला जलशीर्ष झाले. बापाने शल्यचिकित्सक यूजीन स्पिट्झ यांच्या सल्ल्याने घरच्या कार्यशाळेत सिलिकोनची झडप तयार केली. १९५६ साली ती प्रथम वापरात आली. त्याचा मुलगा अल्पायुषी ठरला, परंतु त्या झडपेने पुढे असंख्य मुले जगली. दुसरा बाप म्हणजे मुलांच्या गोष्टींसाठी प्रसिद्ध असलेला लेखक रोआल्ड डाल. १९६० साली न्यूयॉर्कमध्ये त्याच्या चार महिन्यांच्या मुलाच्या बाबागाडीस मोटारीची धडक बसली व मेंदूत पाणी साचू लागले. बसविलेली नळी पुन्हा पुन्हा बुजू लागली, तेव्हा डालने स्टॅन्ली वेड हा यंत्रज्ञ व लंडनचे शल्यचिकित्सक केनेथ टिल यांना एकत्र आणून १९६२ साली नवी झडप सिद्ध केली. तिघांनीही तिच्यापासून नफा घेतला नाही. झडप तयार झाली तोवर डालच्या मुलाला तिची गरज उरली नव्हती. आपल्या मुलाच्या दुःखातून निघालेली वस्तू दुसऱ्यांच्या मुलांना देऊन टाकणे, याहून मोठे दान कोणते?

आमच्या नातीचा जन्म १५ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावास झाला. मुलगी आहे हे तेव्हाच कळले, कारण आपल्या देशात ते आधी सांगण्यास १९९४ च्या कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. नवव्या दिवशी तिला नळी बसविली. शस्त्रक्रियेपूर्वी चिरंजिवांनी डॉक्टरांस विचारले, "परदेशी झडप मागवू का? पैसे आहेत." डॉक्टर हसून म्हणाले, "ही घ्या. ही उत्तर प्रदेशात शहाजहानपूरला तयार होते." पुढे आमच्या वाचनात आले की, छाब्रा नावाची ही भारतीय झडप आफ्रिकेतील युगांडा देशात पारखली गेली आहे. म्बाले या गावी मुलांच्या रुग्णालयात काम करणारे अमेरिकन शल्यचिकित्सक बेंजामिन वॉर्फ यांनी १९५ मुलांवर ती व एक नामांकित परदेशी झडप यांची तुलना करून २००५ साली निष्कर्ष दिला: वर्षअखेर दोहोंच्या परिणामांत फरक आढळला नाही. परदेशी झडपेची किंमत ६५० डॉलर होती, शहाजहानपूरच्या झडपेची ३५. त्याच म्बालेत वॉर्फ यांनी नळीशिवाय, दुर्बिणीने मेंदूतच पाण्यास नवी वाट करून देण्याची पद्धत लहान मुलांसाठी पुढे नेली. तिची नळीशी तुलना करणारा १०० अर्भकांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला, त्यात टोरांटोचे शल्यचिकित्सक अभया कुलकर्णी प्रमुख होते. बौद्धिक वाढीत वर्षअखेर दोन्ही पद्धती जवळजवळ सारख्याच ठरल्या. ज्या ज्ञानाच्या शोधात आम्ही पश्चिमेकडे डोळे लावून बसलो होतो, त्यातील एक मोठा भाग आफ्रिकेतल्या एका गावात तयार झाला होता, आणि त्याला लागणारी वस्तू गंगेच्या खोऱ्यात.

नळी बसवली म्हणजे संपले, असे मात्र कोणी समजू नये. पहिल्या वर्षात दहांपैकी सुमारे चार मुलांच्या नळीत काही ना काही बिघाड होतो. आमच्या नातीची नळी २०२३ च्या जुलैत, ती सात महिन्यांची असताना बुजली. दिवसभर ती ओकत होती. रात्री टाळू टणक लागू लागली, डोळे खाली ओढल्यासारखे दिसू लागले, आणि हाक मारली तरी ती झोपेतून उठेना. आम्हांस ही लक्षणे आधीच शिकविलेली होती. मुसळधार पावसात रात्री दोनला गाडी काढली, पहाटेपूर्वी नळी बदलून झाली, आणि सकाळी तिने आईचे दूध घेतले. ही नळी जन्मभराची असते, आणि ती कोणत्या रात्री बुजेल हे कोणी सांगू शकत नाही. ती बुजेल तेव्हा तासाभराच्या वाटेवर शल्यचिकित्सक असावा लागतो, आणि ओकणारे मूल व बुजलेल्या नळीचे मूल यांतील फरक ओळखणारी आई असावी लागते. समुद्रापलीकडच्या सर्वोत्तम रुग्णालयाचा त्या रात्री आम्हांस काही उपयोग नव्हता.

आज आमच्या नातीचा तिसरा वाढदिवस होऊन गेला आहे. ती बावीस महिन्यांची असताना चालू लागली. डाव्या हातात जोर कमी आहे, एका डोळ्यात तिरळेपणा आहे. शब्द उशिरा आले, परंतु आले. आजीशी कोंकणीत व आईशी मराठीत बोलते. शाळेत तिला किती झेपेल, हे सांगता येत नाही. तिला आम्ही चमत्कार म्हणत नाही व कोणास म्हणू देत नाही. ती एक मूल आहे, आणि तिची शुश्रूषा चालू आहे.

आता त्या एकतीस लाखांचा हिशेब. शस्त्रक्रिया, बाळंतपण, प्रवास, तपासण्या यांस चार लाखांच्या आत खर्च आला. तो आम्ही आमच्या पदरचा केला. वर्गणीची सर्व रक्कम ज्याची त्यास परत करण्याची तयारी आम्ही महाजनांच्या सभेत सांगितली. बहुतेकांनी ती परत घेतली नाही. इंदूरच्या त्या गृहस्थांनी तर पत्राच्या उत्तरी, "देव बरें करूं. देवाच्या पायांशी ठेवलेले परत कसे घ्यावे?" असे लिहिले. तेव्हा महाजनांनी त्या रकमेचा स्वतंत्र निधी केला. जलशीर्षाच्या मुलास अपरात्री गाडी लागली, नळी बदलावी लागली, दूरच्या डॉक्टरांचे मत घ्यावे लागले, तर त्यातून खर्च व्हावा, जातकुळी न पाहता. आतापर्यंत पाच घरांस त्याचा उपयोग झाला.

या निधीची एक वही आहे. ती ठेवण्याचे काम आमच्याकडे आले, आणि तिच्यात काय लिहावे हे आम्ही त्या १९८६ च्या आकड्यांपासून शिकलो. देवळात नवस फेडल्याच्या नोंदी असतात, न फळलेल्या नवसाची नोंद कोणी करीत नाही. तो मध्यस्थही आपल्या वहीतील तेवढीच पाने दाखवीत होता. या वहीत मुलांची नावे नाहीत; नळी कधी बसली, कधी बिघडली, मूल कधी बसू लागले, चालू लागले, किंवा गेले, एवढेच आहे. पाचांपैकी एक मूल जंतुसंसर्गाने गेले. तेही तिच्यात लिहिले आहे. त्याच्या आईवडिलांनी स्वतः येऊन ते लिहविले. ज्या डॉक्टरांनी चाळीस वर्षांपूर्वी आपल्या हातून न वाचलेल्या बाळांची नोंद प्रामाणिकपणे ठेवली, त्यांच्यामुळे आमच्या सूनबाईंच्या गर्भाशयास निष्फळ सुई लागली नाही. त्या ४१ घरांची नावे आम्हांस कधीही कळणार नाहीत. त्यांचे ऋण मात्र आमच्या घरावर आहे.

शेवटी महाजन व कुळावी बंधुभगिनींस तीन विनंत्या. घरात नवी सून आली की तिच्या ओटीत नारळ घालताना फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचीही आठवण ठेवावी. रोज ४०० मायक्रोग्रॅम, गर्भ राहण्याच्या आधीपासून ते तिसऱ्या महिन्याच्या अखेरपर्यंत. त्याने आमच्या नातीसारखा दोष टळत नाही. परंतु पाठीचा कणा उघडा राहण्याचा दोष, आणि त्यापायी येणारे जलशीर्ष, पुष्कळ अंशी टळते. ज्या मातेचे आधीचे बाळ तसे जन्मले असेल तिला डॉक्टर याच्या दसपट मात्रा देतात. त्या मात्रेने तो दोष पुन्हा होण्याचा संभव शेकडा ७२ ने घटतो, असे १९९१ सालीच सिद्ध झाले आहे. कण्याची ती नळी गर्भधारणेनंतर चार आठवड्यांत मिटते, म्हणून दिवस गेल्याचे कळल्यावर सुरू केलेली गोळी बहुधा उशिराची ठरते.

दुसरी विनंती अशी की, अशी वार्ता कोणाच्या घरी आली तर त्या सुनेस कारण विचारू नये. काही खाल्ले आहे का, ते विचारावे.

तिसरी, परदेशी जाण्याचा विचार निघाला तर तेथल्या डॉक्टरांस आधी नेमका प्रश्न लिहून पाठवावा, आणि किती मुले बरी झाली नाहीत हेही विचारावे. जे याचे उत्तर देतील त्यांच्यावर विश्वास ठेवावा. निधीची वही देवस्थानच्या कचेरीत सोमवारी व शुक्रवारी पाहावयास मिळेल. ज्यांच्या घरी हे दुखणे आहे त्यांनी संकोच न करता यावे.